कापसातले शर्ट

सोमवारी माझा नवरा वावरात गेला. मी बसने राळेगावला गेले. दुपारी पाऊस आला. वीज धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबावर पडली. तो निंबाखाली होता. सासू डबा घेऊन धुऱ्यापर्यंत पोचली आणि तिने जेवायला हाक मारली. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकांना खाकी कव्हरं घालत होते. तिथे माझी नोकरी आहे. फोन घेतला तेव्हा बोटांना डिंक होता. अजूनही डिंकाचा वास आला की कुठेतरी फोन वाजतो आहे असं वाटून मी पर्स उघडते.

पोळा होऊन गेला होता आणि पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, कमरेच्या वर आली होती. आमचं वावर गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडे आहे. पऱ्हाटी वाढली की धुऱ्यावरून आत वाकलेला माणूस दिसत नाही, कुठेतरी शेंडे हलताना दिसतात, एवढंच. म्हणून सासू हाक मारायची. "बाबू, जेवाले ये रेऽ!" मग शेंडे हलायचे थांबत, आधी डोकं वर यायचं, मग शर्ट. तो जेवल्याशिवाय ती जेवत नसे. तो शाळेत होता तेव्हापासूनची तिची सवय.

तो गेल्यावर ती दुपारची जेवेनाशी झाली. रडली मात्र नाही. सकाळी भाकरी थापायची ती तिघांच्याच. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिला रंग दिसतो, आकार दिसतो, चेहरा दिसत नाही. घरात कोणी आलं की ती त्याच्या कपड्यांकडे बघते आणि मग आवाज येण्याची वाट पाहते.

वावर तिच्या नावावर होतं. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, पुसदला असतात. तिथे त्यांचं दुकान आहे. तेरवी झाल्यावर ते आईजवळ बसले.

"माय, वावर आता कोण पाहीन? तुह्या सुनेले नोकरी हाये. मले दुकान सोडता येत नाई. एवढा कापूस निघाला का इकून टाकू."

सासू सुपातली तूर निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "बाबूले विचारते."

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुपाकडे पाहिलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. भावाच्या चितेजवळ त्यांना दोघांनी धरून उभं केलं होतं, ते मी पाहिलं होतं. पण वावर जावं असं मला वाटत नव्हतं. घरी माझा नवरा झोपायला यायचा. तो जिथे असायचा ती जागा वावर होती. ते विकलं की तो कुठे होता हे दाखवायला माझ्याजवळ काही राहणार नव्हतं. पण वावर माझं नव्हतं. शब्द सासूचा होता, आणि सासू मेलेल्या मुलाला विचारणार होती.

दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटली. वेचायला कोणी येईना. वीज पडून माणूस गेला त्या वावरात त्या हंगामात कोणी पाय ठेवत नाही. हे कोणी तोंडावर म्हणत नाही. मी एकीला विचारलं तर तिचं अंग दुखत होतं, दुसरीकडे पाहुणे होते, तिसरीला दुसरीकडे बोलावणं होतं. आजूबाजूची वावरं वेचून तपकिरी झाली. आमचं पांढरंच राहिलं. संध्याकाळी बसमधून उतरून पायवाटेने येताना मला सगळ्यात आधी तेच दिसायचं. वारा नसेल तेव्हाही कुठेतरी शेंडे हललेले दिसायचे. मी थांबून पाहिलं की हलणं थांबायचं. मी चालू लागले की डोळ्याच्या कोपऱ्यात पुन्हा हललेलं वाटायचं. मी शिकलेली बाई आहे, हे मी त्या दिवसांत स्वतःला बरेचदा सांगितलं.

गावात तेव्हा बायांचा एक गट नुकता उभा राहत होता. कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेल्या, दोघी-तिघी बंजारा तांड्यावरच्या. शहरातल्या एका संस्थेने त्यांना देणगी म्हणून शेळ्या दिल्या होत्या, वेचताना कमरेला ओटी बांधायला जाड कापड दिलं होतं, आणि एक वजनकाटा दिला होता. शेळ्यांबद्दल गावात कोणाला काही वाटलं नाही. काट्याबद्दल वाटलं. वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि संध्याकाळी काटा धरणारा हात मालकाचा असतो. या बाया आपला काटा घेऊन यायला लागल्या तेव्हा त्यांना बोलावणं बंद झालं. काटा घरी ठेवून या, असे निरोप यायचे. त्या ठेवत नव्हत्या. शेळ्या अजून लहान होत्या. घरं चालायची ती वेचणीवर, आणि हंगाम चालला होता.

एका रविवारी त्या आमच्या अंगणात आल्या. पुढे तांड्यावरची एक उंच बाई होती. तिचा नवरा कामाला म्हणून परमुलखात गेला तो परत आला नव्हता. जाण्याआधी तो तिला मारायचा, हे गावाला माहीत होतं.

"बाई, तुमचा कापूस गळून राह्यला," ती म्हणाली. "वेचाचा हाये का तसाच ठेवाचा हाये?"

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कायची?"

मागून एक जण म्हणाली, "वीज एकाच घरी दोनदा कायले येईन? तिले दुसरं काम नाई काय?"

सगळ्या हसल्या आणि एकदम गप्प झाल्या. माझ्याकडे बघायला लागल्या. सासूने ओट्यावरून मान वर केली होती. आमच्या अंगणात हसण्याचा आवाज आला नव्हता, त्याला बरेच दिवस झाले होते.

"काटा मात्र आमचाच राहीन," तांड्यावरची म्हणाली.

"राहू द्या."

त्यांच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. वाळलेल्या बोंडांच्या कवड्या, म्हणजे फुटलेली टरफलं, टोकदार असतात. वेचणाऱ्या बायांच्या मनगटांपासून कोपरांपर्यंत ओरखडे असतात. म्हणून आमच्याकडे बाया वेचायला जाताना साडीवर घरच्या पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्यातोंडाला दुपट्टा बांधतात. घरात गडी असला की जुना शर्ट मिळतो. यांच्या घरात गडी नव्हते.

मी आत गेले. त्याचे शर्ट मी धुऊन, इस्त्री करून ट्रंकेत ठेवले होते. तेरवीला कपडे वाटायचे असतात. त्याचे कोणी घेतले नव्हते, वीज पडून गेलेल्याचे म्हणून. मी सगळे आणून बाजेवर ठेवले. एक ठेवून घेतला, निळा, तो कपाटात कुलपात होता. तो मी धुतलाही नव्हता.

"त्याचे आहेत," मी म्हणाले. "चालत असतील तर घ्या."

एक म्हातारी विधवा दोन पावलं मागे सरली. तांड्यावरचीने वरचा शर्ट उचलून खांद्याला लावून पाहिला.

"जित्याचा मार खाल्ला बाई मी. मेलेल्याच्या शर्टाले काय भेवाचं?"

मग बाजारात असावं तसं झालं. मले चौकड्याचा दे. तुले मोठा होते थो. मंग तू घाल, नाईतरी तुह्यात दोन जनी मावते. मागे सरलेल्या म्हातारीनेही शेवटी पांढरा घेतला. मी दारात उभी होते. प्रत्येक शर्ट उघडला की कोपराशी तो वाकलेला दिसत होता. इस्त्रीने तो बाक गेला नव्हता.

वेचणी सुरू करण्याआधी सीतादही करतात. वावरात दहीभात ठेवायचा, पहिला कापूस झाडाला गुंडाळायचा, हात जोडायचे. आमच्या गावात ते सवाष्णीने करायचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहीभात घेऊन आम्ही धुऱ्यावर उभ्या राहिलो तेव्हा हे सगळ्यांच्या लक्षात आलं. आमच्यात सवाष्ण कोण?

"माहा जिता असन," तांड्यावरची म्हणाली. "कुठं हाये मालूम नाई. चालन काय?"

"चालन चालन. मेल्याचा हाच एक उपयोग झाला," म्हातारी म्हणाली.

तिनेच सीतादही केलं. सासू निंबाला टेकून बसली होती. निंबाची एक बाजू जळून गेली होती, दुसरीला पाला होता. पाल्याच्या बाजूच्या फांदीला बायांनी काटा टांगला. मी कामावर गेले.

त्यांना वावरात मी पहिल्यांदा पाहिलं ते दोन-तीन दिवसांनी. त्या दिवशी वाचनालयाला सुट्टी होती. दुपारी मी नाला ओलांडून वर आले. ऊन होतं. आणि कापसात तो उभा होता. माझ्याकडे पाठ, चौकड्याचा शर्ट, उजवा खांदा जरा उतरलेला. मी हाक मारणार होते. तेवढ्यात त्याच्या पलीकडे तो पुन्हा वर आला, पांढऱ्या शर्टात. मग डावीकडे. मग आणखी लांब, तपकिरी रेघांच्या शर्टात. कोणालाच चेहरा नव्हता, दुपट्टे होते. ते सगळे एका ओळीत, एका चालीने, पांढऱ्यातून पुढे सरकत होते. कोणी बोलत नव्हतं. बोंडातून कापूस ओढताना होणारा बारीक आवाज तेवढा येत होता. त्या बाया आहेत हे मला माहीत होतं. शर्ट मीच दिले होते. तरी मी तिथून पुढे पाऊल टाकू शकले नाही.

आणि धुऱ्यावरून सासूची हाक आली.

"बाबू, जेवाले ये रेऽ!"

ओळ थांबली. मला वाटलं, आता कोणीतरी तिच्याजवळ जाऊन सांगेल, समजावेल. पण ओळीतून एक शर्ट बाहेर आला, चौकड्याचा. सावकाश चालत निंबाखाली गेला आणि सासूच्या समोर बसला. सासूने डबा उघडला. भाकर मोडून कुटका पुढे ठेवला, त्यावर झुणका. शर्टाने दुपट्टा हनुवटीखाली ओढला आणि खाल्लं. एक शब्द नाही. खाऊन झाल्यावर तो उठला, हात पुसले आणि कापसात परत गेला. मग सासूने स्वतःसाठी भाकर घेतली आणि सगळी खाल्ली.

संध्याकाळी काट्यावर गाठोडी चढत होती तेव्हा मी विचारलं, "दुपारी कोण गेलं होतं?"

"आज मी," एक जण म्हणाली. "काल ही गेलती."

"रोज?"

"रोज हाक येते बाई. जवळ असन थे जाते."

"बोलायचं नाही, असं ठरवलंय का?"

"ठरवाचं काय त्यात?" तांड्यावरची गाठोड्याला गाठ मारत म्हणाली. "बोललं का याडीले समजन." तिच्या बोलीत याडी म्हणजे आई. "कोनी हाक मारली आन् कोनीच आलं नाई, असं कसं करता येईन? भूकही लागते, खोटं कायले बोला."

मी त्यांना बंद करा म्हणाले नाही. चालू ठेवा असंही नाही. वाचनालयात परत आलेल्या पुस्तकांत आधीच्या वाचकाचं काहीबाही सापडतं, केस, बसचं तिकीट, पानाच्या कोपऱ्याला तेलाचं बोट. ते मी काढून टाकते. हे कसं काढायचं ते मला कळत नव्हतं, आणि सासूच्या गालांवर थोडं मांस दिसायला लागलं होतं.

दुसरा वेचा चालू होता तेव्हा भासरे आले, गिऱ्हाईक घेऊन. मोटारसायकल नाल्याशी लावून दोघं धुऱ्यावर आले. मी घरी होते. निरोप मिळाला तशी तिकडे गेले.

"माय, हे वावर पाहाले आले," भासरे म्हणाले. "तू हो म्हन, का पुढचं मी करतो."

"थांब. थो जेवाले येते. विचारते."

"माय, असं नको करू."

ती निंबाला धरून उठली आणि तिने हाक मारली. मी बायांकडे पाहिलं. त्यांनी माणसं आलेली पाहिली होती. कशासाठी आली तेही त्यांना कळलं असणार. ओळ बराच वेळ हलली नाही. मग तपकिरी रेघांचा शर्ट बाहेर आला.

तो शर्ट भासऱ्यांनी दिला होता. आदल्या वर्षीच्या दिवाळीला, पुसदहून आणलेला. मी त्यांच्या शेजारी उभी होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. शर्ट त्यांच्यापासून हाताच्या अंतरावरून गेला आणि सासूसमोर मांडी घालून बसला. गिऱ्हाईक नाल्याकडे बघायला लागलं.

सासूने भाकर दिली. शर्टाने घास मोडला.

"बाबू," सासू म्हणाली, "तुहा भाऊ म्हनते, वावर इकाव. इकू काय?"

घास धरलेला हात तसाच राहिला. मी दुपट्ट्याकडे बघत होते. आतली बाई कोणतीही असो, या वावरावर तिचा हंगाम होता. दुसरं वावर त्यांना मिळत नव्हतं. एकदा मान हलवली असती, डावीकडून उजवीकडे, तर काम झालं असतं. माझंही झालं असतं. तिने हलवावी असं मला वाटत होतं. फांदीवरचा काटा हळूहळू फिरत होता.

हाताने घास ताटलीत परत ठेवला. शर्ट उठला आणि वळून न बघता कापसात गेला. शेंडे त्याच्यामागे मिटले.

सासू ताटलीकडे वाकली. घास तिने बोटांनी चाचपून पाहिला.

"टाकून उठला," ती म्हणाली. "आजवर कधी टाकून उठला नोता." मग मोठ्या मुलाच्या पँटच्या रंगाकडे बघून म्हणाली, "नाई इकाचं."

भासरे वाद घालतील असं मला वाटलं होतं. ते कापसाकडे बघत होते. ओळीत सगळे पुन्हा वाकले होते, सगळे त्यांच्या भावाच्या शर्टात.

"कोण होती थे?" त्यांनी मला विचारलं.

"दिसली नाही."

"शर्ट वापस घे त्यायच्याकडून."

"दिले ते दिले, भाऊ," मी म्हणाले.

ते गेले. पुढे त्यांनी विक्रीचं नाव काढलं नाही. दिवाळी-दसऱ्याला येतात, पण वावरात येत नाहीत. नाल्याच्या अलीकडे मोटारसायकल लावून तिथेच उभे राहतात.

त्या संध्याकाळी सगळ्यांची गाठोडी मोजून झाली तरी तांड्यावरची बसून होती. तिच्या अंगात तपकिरी शर्ट होता. वरचं बटण तुटलं होतं ते मी एकदा काळ्या दोऱ्याने लावलं होतं, तो दोरा दिसत होता.

"नाई म्हनाले किती येळ लागते बाई," ती म्हणाली. "मान भरून आलती माही. पन थे सांगनं माह्यं नोतं. शर्ट त्याचा, माय त्याची. पोटासाठी मी त्याच्या तोंडानं बोलली असती तं हे वावर मले पचलं नसतं." मग उठता उठता हसली. "आन् भाकर अर्धीच राह्यली माही. आज झुणका चांगला झालता."

त्या वर्षापासून वावर बायाच करतात, बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर. पुढच्या हंगामात बाकीच्या मालकांनीही त्यांना काट्यासकट बोलावलं, कारण सगळीकडे मजुरांची टंचाई होती आणि या बाया वेळेवर येत होत्या. शेळ्या व्याल्या. एकीने मामाकडे ठेवलेली मुलगी शाळेसाठी परत आणली. म्हातारीच्या घरावर नवे टिन आले. पहिला पाऊस आला तेव्हा झोपच नाही आली, एवढा आवाज, असं ती तक्रारीच्या सुरात सांगते. तांड्यावरची आता दुसऱ्या गावांत जाते, नव्या बायांना काटा कसा लावायचा ते दाखवायला. नवरा आला तर काय करशील, असं तिला कोणीतरी विचारलं. "काट्यावर चढवीन," ती म्हणाली.

एवढंच सांगून थांबता आलं असतं.

पहिल्या वर्षी माघात पऱ्हाटी उपटून झाली. वावर मोकळं झालं. बाया दुसरीकडे हरभऱ्याला जाऊ लागल्या. सासूला मी सांगितलं की आता वावरात कोणी नाही. तिने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेली. रिकामा डबा घेऊन परत आली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मला वाटलं, भाकर कुत्र्याला घालत असेल. वाटेवर कुत्री आहेतच.

एका दुपारी मी तिच्या मागे गेले. नाल्याशी थांबले. तिने हाक मारली. वावरात लपण्यासारखं काही नव्हतं. काळी माती आणि उन्हाची वाफ. ती समोर बघून बोलत होती, मध्ये थांबत होती, हसतही होती. तिची पाठ माझ्याकडे असल्याने डबा मला दिसत नव्हता. थोड्या वेळाने ती जेवली आणि निघाली. कुत्रं आलं नव्हतं. मी तिच्या पुढे घरी पोचले आणि चुलीजवळ बसून राहिले.

"जेवला?" मी विचारलं. असं मी कधी विचारलं नव्हतं.

"जेवला." तिने डबा माझ्या हातात दिला. हलका होता. "आज निळा घातलता त्यानं."

मी कपाट उघडलं. किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्याला असते. निळा शर्ट घडी करून ठेवला होता तसाच होता. मी तो बाहेर काढला. उजव्या बाहीला वाळलेल्या पऱ्हाटीच्या पानाचा चुरा लागला होता. तो शर्ट मी धुतला नव्हता, हे मी वर लिहिलं आहे. तो चुरा आधीचा असू शकतो. पण त्याने तो शर्ट शेवटचा घातला तेव्हा पऱ्हाटी हिरवी होती.

मी घडी परत घातली.

सासूचं डोळ्यांचं ऑपरेशन करू, असं भासरे दरवर्षी म्हणतात. ती नको म्हणते. मीही आग्रह करत नाही.

वावर आहे. निंब अर्धा आहे. हंगामात बाया असतात, हंगाम नसला की कोणी नसतं. सासू रोज डबा घेऊन जाते आणि दुपारची जेवते. शर्टांपैकी तपकिरी विरला, पांढऱ्याचं पोतेरं झालं, चौकड्याचा अजून वेचणीला जातो. निळा कपाटात आहे.